अकरा पट्ट्यांची पिकअप

“सव्वीस वर्षं माल बांधला. इंजिनं बांधली, गिअरबॉक्स बांधले. आणि ही शाम्पूची कॅन काही माझं ऐकेना.”

हे आमचे साहेबराव बोलत होते, आणि बोलत होते ते बादलीशी. डोकं पिकअपच्या हौद्यात, पाय सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मी दीड हातावर टॉर्च धरून उभी होते. पण नवऱ्याने गाऱ्हाणं बादलीला सांगितलं असेल, तर बायकोने ते ऐकू नये, एवढी रीत मला कळते. मी ऐकलं, पण टॉर्च हलू दिला नाही.

आमचा बेत अगदी साधा होता. लोकांच्या दारी जायचं, त्यांच्या गाड्या धुवायच्या, आतून झाडायच्या, वरून पॉलिश करून आरशासारख्या चकचकीत करून द्यायच्या. या विद्येचं सगळं शिक्षण मी मोबाइलवर घेतलं. सराव म्हणून घरच्या फ्रिजला तीन वेळा पॉलिश केलं, तेव्हापासून आमच्याकडे येणारे पाहुणे त्यात बघून भांग पाडतात. मग एक जुनी पिकअप घेतली आणि तिच्या हौद्यात संसार मांडला: तीनशे लिटरची टाकी, जनरेटर, प्रेशरचा पंप, व्हॅक्यूम, पाइपांची वेटोळी, बादल्या, कॅन आणि फडक्यांचं एक गाठोडं.

कामाची वाटणी सरळ होती. साहेबराव बांधणार, मी चालवणार. साहेबरावांची उभी हयात कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून गेली, स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. पण पॅकिंग-डिस्पॅचमधून ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मोठे साहेब म्हणाले होते, “साहेबरावांनी बांधलेला माल वाटेत कधी हलला नाही.” हे वाक्य त्यांनी घरी येऊन मला दोनदा सांगितलं, आणि मी दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. चौथी पास माणसाच्या नावावर दुसरी पदवी नव्हती, हीच होती.

मी गाडी शिकले चव्वेचाळिसाव्या वर्षी. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी मला एकच मंत्र दिला: “आम्रपालीताई, शंका आली की ब्रेक.” तो मी अक्षरशः पाळते. आता मला शंका जरा जास्त येतात, तो स्वभाव आहे. कुत्रं कडेला झोपलंय, पण उठलं तर? ब्रेक. समोरचा रिक्षावाला सरळ चाललाय, पण हा प्राणी सरळ का चाललाय? ब्रेक. माझ्या गाडीने आजवर मुंगीलाही धक्का दिलेला नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात, पण लोकांना वाजवायला काहीतरी लागतंच.

पहिलं मोठं काम चालून आलं ते निघोज्याच्या हिंदुरावांचं. त्यांच्या चौदा गाड्या चाकणच्या कंपन्यांना लागलेल्या, आठवडाभर साहेब लोकांची ने-आण करायच्या आणि रविवारी सगळ्या दारात उभ्या. चौदा गाड्या, दर रविवारी, बारा महिने. हे काम लागलं तर आमचा धंदा उभा राहणार होता, आणि नाही लागलं तर पॉलिश करायला पुन्हा फ्रिज होताच.

पहिल्या रविवारी मोशीहून निघालो. नाशिक रस्ता, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा. सगळं यथासांग चाललं होतं. मागून अधूनमधून धाडधूड आवाज यायचे, तेव्हा साहेबराव डोळे मिटून घ्यायचे. मला वाटलं, झोप अपुरी झाली असेल. निघोज्याकडे वळलो आणि आरशात मला ढग दिसले. पांढरे, गुबगुबीत, अगदी जमिनीलगत. मी म्हटलं, “अहो, बघा तरी, काय सुंदर धुकं पडलंय.”

साहेबरावांनी मागे पाहिलं आणि म्हणाले, “धुक्याला लिंबाचा वास येतोय.”

वीस लिटर शाम्पूची कॅन फुटली होती, वर पाइपातलं पाणी गळत होतं, आणि खड्ड्याखड्ड्याने ते छान घुसळून निघत होतं. आम्ही हिंदुरावांच्या फाटकात शिरलो तेव्हा आमच्यामागे फेसाचा एक पट्टा थेट वळणापर्यंत गेला होता आणि त्यातून दोन शेळ्या शिंकत चालल्या होत्या.

हिंदुराव धोतराचा सोगा हातात धरून बाहेर आले. त्यांनी आधी फेस पाहिला, मग मला.

“बाई, गाड्या हितं हायत,” ते म्हणाले. “रस्ता कशापायी धुतला?”

शाम्पूच नव्हता, तर धुणार काय? त्यांनी पुढच्या रविवारी यायला सांगितलं. मोठ्या मनाचा माणूस. शेळ्यांचंही काही काढलं नाही.

आमच्या शहराची एक गोष्ट सांगायला हवी. इथल्या इमारतीत एक वेळ लिफ्ट नसेल, पण कंपनीच्या क्वालिटी खात्यातून निवृत्त झालेला माणूस हमखास असतो. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर मालोजीराव आहेत. त्यांना बातमी लागायची खोटी, संध्याकाळी कोरा कागद आणि पट्टी घेऊन ते आमच्या हॉलमध्ये हजर. पाठोपाठ शेजारच्या कुसुमताई, हातात मेथीची जुडी, म्हणजे निवडायला.

“आपण व्हाय-व्हाय करू,” मालोजीराव म्हणाले.

ही कंपन्यांतली पद्धत आहे. काही बिघडलं की पाच वेळा ‘का?’ विचारायचं. पाचव्या उत्तराला मूळ दोष सापडतो, अशी तिथे श्रद्धा आहे. देवळात पाच प्रदक्षिणा घालतात, तितक्याच भक्तिभावाने पिंपरी-चिंचवडात पाच ‘का’ घालतात.

“कॅन फुटली. का फुटली?”

“पडली म्हणून,” साहेबराव म्हणाले.

“का पडली?”

“पुढे सरकली.”

“का सरकली?”

“धक्का बसला.”

“बरं. धक्का का बसला?”

कुसुमताईंना मेथीत अळी सापडली असावी, त्या फार वाकून पाहू लागल्या. मालोजीराव पेनाचं टोपण उघडून बंद करून पुन्हा उघडत होते. साहेबराव वर पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

“रस्ता,” साहेबराव म्हणाले.

“रस्ताच,” मालोजीरावांनी ताबडतोब लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

“मेले खड्डे,” कुसुमताई म्हणाल्या, आणि तिघांनी एकदमच श्वास सोडला.

“पाचवा ‘का’ राहिला की,” मी म्हटलं.

“रस्त्याला काय विचारणार, वहिनी,” मालोजीराव म्हणाले. “तो आपल्या अखत्यारीत नाही. आपल्या अखत्यारीत बांधणी आहे.” आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

मग बांधणीवर सल्ले सुरू झाले. कुसुमताईंचं म्हणणं, सामानाखाली गोधडी अंथरा, त्यांनी साताऱ्याहून अख्खं कपबशांचं कपाट गोधडीत आणलं होतं आणि एक कान उडाला नव्हता. त्यांनी गोधडी दिलीही, सासूबाईंच्या हातची, आणि सासूबाईंविषयी जे आठवलं तेही सोबत दिलं. मालोजीराव म्हणाले, टाकी अर्धी असली की पाणी आत हेलकावतं, काठोकाठ भरा. साहेबरावांनी पट्टे आणले, ट्रकवाले वापरतात तसले, कट्‌कट्‌ करत आवळायचे. चार पट्टे. आणि हौद्यातच लोखंडी अँगलचा एक सांगाडा ठोकून घ्यायचं ठरलं.

सांगाडा करायला चिखलीहून विक्की आला. वेल्डिंगचं त्याचं छोटं शेड आहे आणि हात बरा आहे. तो मशीन घेऊन पार्किंगमध्ये आला, आणि वॉचमनने अडवला, कारण सोसायटीच्या आवारात भोकं पाडायला बंदी आहे. पार्किंग समितीची परवानगी हवी. समितीचे सचिव कोण, तर मालोजीराव. ते तिथेच उभे राहून आम्हाला सल्ला देत होते, पण सचिव म्हणून त्यांना लेखी अर्ज लागणार होता. मी अर्ज लिहिला: ‘विषय: हौद्यास भोके पाडणेबाबत.’ तो घेऊन ते वर गेले आणि तासाने शिक्क्यासह उत्तर घेऊन खाली आले. त्यात लिहिलं होतं, सदर हौदा सोसायटीच्या हद्दीत उभा असला तरी सोसायटीच्या मालकीचा नाही, सबब त्यास भोके पाडण्यास हरकत नाही. तथापि भोकांतून जे काही खाली पडेल त्यास समिती जबाबदार राहणार नाही.

सांगाडा झाला. विक्की म्हणाला, “ताई, एक चक्कर मारून बघू.” तो माझ्या शेजारी बसला. आम्ही जाधववाडीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. वाटेत मला तीन-चार शंका आल्या, तेवढंच. कोपऱ्यावर विक्की म्हणाला, “ताई, मी उतरतो. पानपट्टीवर काम आहे, येतो चालत.”

विक्की पान खात नाही, तंबाखू नाही, साधी बडीशेपही नाही. अर्ध्या तासाने तो आला, पाणी मागितलं, आणि साहेबरावांना बाजूला घेऊन म्हणाला, “काका, अजून दोन अँगल मारू. आणि पुढं केबिनमध्ये धरायला एक दांडा देऊ का? तुमच्यासाठी?”

“दे,” साहेबराव इतक्या चटकन म्हणाले, की मला कौतुक वाटलं. माणसाला कामात सुधारणा आवडते.

दुसऱ्या रविवारी मोशीच्या चौकात हवालदाराने शिट्टी मारली. त्याने सांगाड्याभोवती एक फेरी मारली, गज हलवून पाहिले.

“काय न्यायचंय यात? बिबट्या?”

“व्हॅक्यूम आहे,” मी म्हटलं.

“गाडीच्या बॉडीत बदल केलाय. परवानगी?”

मी सोसायटीचं पत्र दिलं. त्याने ते दोनदा वाचलं. ‘भोकांतून जे काही खाली पडेल’ इथे आल्यावर तो वाकून हौद्याखाली बघून आला. मग त्याने टोपी काढली, डोकं पुसलं आणि पत्र परत दिलं. “शिक्का आहे म्हणा,” तो स्वतःशीच म्हणाला. जाताना खिडकीशी येऊन म्हणाला, “बाई, एक सांगू का, मघाशी तुम्ही थांबलात ना, ते…” आणि तेवढ्यात त्याचं लक्ष साहेबरावांकडे गेलं. साहेबराव, दांड्याला दोन्ही हातांनी धरून, मान हळूच डावीकडून उजवीकडे हलवत होते.

“जाऊ द्या,” हवालदार म्हणाला.

कुरुळीच्या पुढे एक कोंबडी आडवी येईल, असं मला वाटलं. आली नाही, पण वाटलं. पट्टे तसूभर हलले नाहीत, हे आधीच सांगते. सांगाडाही हलला नाही. पण मालोजीरावांच्या शास्त्राप्रमाणे टाकी काठोकाठ भरली होती, तिचं झाकण उडालं, आणि केबिनची मागची सरकती खिडकी उघडी होती. जे आलं ते शिंपडल्यासारखं नव्हतं. कोणीतरी गच्चीवरून घंगाळ ओतावं तसं होतं. पाठोपाठ फडक्यांचं गाठोडं आलं, हे मात्र उपयोगी पडलं.

आम्ही निथळत हिंदुरावांच्या दारात उतरलो. चौदा गाड्या कोरड्या, आम्ही दोघं धुतलेले. टाकीत आता जेमतेम दोन गाड्यांपुरतं पाणी.

हिंदुरावांनी या वेळी हसायचं टाळलं, तेच जास्त लागलं. “ह्ये बांधतं कोण?”

“मी,” साहेबराव म्हणाले.

“मंग पुढच्या आयतवारी नीट बांधा. तिसऱ्या खेपेला जमलं न्हाई, तर मी दुसरा मानूस बघतो. माजाबी नाइलाज हाय.”

त्या आठवड्यात आमच्या घरात पट्ट्यांशिवाय दुसरा विषय नव्हता. चाराचे सात झाले, साताचे अकरा. साहेबराव जेवता जेवता उठायचे, खाली जाऊन एखादी गाठ दाबून यायचे. बातमी सोसायटीत फिरली होती, आणि बातम्या फिरतात तशीच, जरा वाढून. जिन्यात कोणीतरी म्हणताना मी ऐकलं, “साहेबरावांचा हात गेला आता. वय झालं.” मी वळून बघितलं, तर साहेबराव माझ्या मागेच होते, हातात भाजीची पिशवी. त्यांनी ऐकलं होतं. घरी येऊन त्यांनी भेंडी एकेक करून पुसली आणि रांगेत लावली, सगळ्या एका मापाच्या एका बाजूला.

मला मात्र राग आला. मी ठरवलं, आता मीच हौद्यात बसते आणि काय हलतंय ते या डोळ्यांनी बघते. शनिवारी दुपारी विक्कीला बोलावलं. “तू चालव,” मी म्हटलं. “तोच रस्ता, तोच कोपरा.” साहेबराव, मालोजीराव, कुसुमताई, सगळे पार्किंगमध्ये जमले. मी गोधडीवर मांडी घालून बसले, आणि पुरावा पक्का असावा म्हणून एक बादली पाण्याने भरून उघडीच समोर ठेवली. पट्टासुद्धा लावला नाही.

विक्की निघाला. तेच गतिरोधक, तेच खड्डे, तीच झोपलेली कुत्री. मी बादलीकडे बघत होते. पाणी काठाशी थोडं डुलायचं आणि परत जागेवर यायचं. जाऊन आलो. एक थेंब सांडला नाही. खरं तर मला मध्ये डुलकी लागायच्या बेतात होती.

गाडी थांबली. सगळे वाकून बादलीत बघू लागले. मग एकदम सगळेच बोलू लागले.

“आज वारा नव्हता,” मालोजीराव म्हणाले.

“गोधडी,” कुसुमताई म्हणाल्या. “मी म्हटलं नव्हतं?”

“शनिवारी रस्ता जरा मोकळा असतो, ताई,” विक्की म्हणाला. तो माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

“अकरावा पट्टा,” साहेबराव म्हणाले. “अकराव्या पट्ट्याने फरक पडला.”

मी हौद्यातून खाली उतरले. माणसाला काही गोष्टी एका क्षणात कळतात आणि कळल्यावर आधीच्या सगळ्या उलगडतात: पानपट्टी, दांडा, मेथीतली अळी, हलणारी मान. साहेबरावांनी माझ्या हाताला धरून उतरवलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा विनवणीचा भाव होता, की मी म्हटलं, “हो, अकरावाच असणार.” या वयात शिकलेल्या गोष्टीचा अभिमान फार नाजूक असतो. माझा तरी आहे.

तिसऱ्या रविवारी मी पायाला बजावून निघाले. चिंबळीला शंका आली, गिळली. कुरुळीला दोन आल्या, त्याही गिळल्या. साहेबरावांनी दांड्यावरचा एक हात सोडला. निघोज्याच्या वळणावर दुसराही सोडला आणि चक्क एक गाणं गुणगुणू लागले. मागे चिडीचूप. शेवटचा गतिरोधक मी असा ओलांडला, की टाकीलाही कळलं नसेल. समोर फाटक. फाटकात हिंदुराव. त्यांनी आम्हाला बघून हात वर केला.

आता हात वर केला, म्हणजे ‘या’ की ‘थांबा’?

अकरा पट्टे आणि आठ अँगल. त्यांतलं काहीही सुटलं नाही, हे मी कुठेही सांगेन. टाकी सांगाड्याला धरून राहिली, जनरेटर टाकीला, पंप जनरेटरला. कुणी कुणाला सोडलं नाही. सगळे मिळून, एकजुटीने, हौद्यातल्या भोकांतून बोल्ट उपटून पुढे आले आणि केबिनच्या पाठीला लागले. आवाज असा झाला, की हिंदुरावांच्या ओट्यावरून चार माणसं उठून आली. टाकी शाबूत होती, पंप शाबूत होता. केबिनला मागून पोक आलं होतं.

हिंदुरावांनी हात खाली घेतला. ते मागे जाऊन हौद्यात डोकावले, मग साहेबरावांसमोर येऊन उभे राहिले.

“किती वर्सं केलं म्हनालात तुमी ह्ये काम?”

“सव्वीस.”

“आन कंपनीनं ठिवलं तुमाला?” ओट्यावरची माणसं हसली. “राव, तुमाला बांधता येत न्हाई. खरं त्ये खरं.”

साहेबराव हौद्याकडे गेले. पहिल्या पट्ट्यावर त्यांनी बोट ठेवलं. पट्टा तारेसारखा ताठ होता, कोणालाही दिसला असता. ते पाठमोरेच म्हणाले, “हो. बांधणीतच चूक राहिली माझ्या. हात गेला आता.”

मी एरवी चारचौघांत नवऱ्याचं बोलणं तोडत नाही.

“हिंदुराव,” मी म्हटलं, “इकडे माझ्याकडे बघा. यांनी बांधलेलं काही सुटलेलं नाही, आजही नाही. बांधणाऱ्यात दोष नाहीच. गाडी मी चालवते. मला ब्रेक मारता येत नाही. मी गाडी वाईट चालवते.”

हिंदुरावांनी हौद्यातला एक पट्टा ओढून पाहिला, दुसरा ओढून पाहिला. तिसऱ्याला दोन्ही हात लावले, तोही हलला नाही.

“आन धुलाई?” त्यांनी विचारलं.

“ती उत्तम करते,” मी म्हटलं.

“मंग पैली पांढरी काढा रं भाईर,” ते ओट्याकडे वळून ओरडले. “आन त्या बाईंची पिकअप तुमच्यातलं कुनीतरी आत घ्या. बाईंना नगा घिऊ देऊ.”

साहेबराव अजून पट्ट्याला धरूनच उभे होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले होते, आणि चेहरा असा मोकळा झाला होता, की मला वाटलं आता काही गोड बोलतील.

“फार वाईट चालवतेस गं,” ते म्हणाले. “फारच वाईट.”